शंभर बटणांतली पाच बटणे

"तुम्ही कॉमर्सचे, हिशेबाचं तुम्हालाच कळतं," असे म्हणत लोक आमच्याकडे काय काय घेऊन येतात याची यादी केली तर तेच एक वेगळे सदर होईल. बचत गटाच्या वह्या येतात, भिशीची भांडणे येतात, पतसंस्थेच्या कर्जाचे कागद येतात. गेल्या महिन्यात मात्र एक नवलाचे प्रकरण आले. मेहकर तालुक्यातले आमचे एक जुने स्नेही, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, रविवारी सकाळीच सहकुटुंब घरी आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. जयभीम झाला, चहा झाला, आणि दादांनी पिशवीतून तीन रंगीत माहितीपत्रके काढून आमच्यापुढे मांडली.

"यातला कोणता घेऊ तेवढं सांगा."

पाहतो तो रेडिओ! पण बातम्या ऐकण्याचा नव्हे. ज्यावरून ऐकताही येते आणि बोलताही येते असा, हौशी रेडिओवाल्यांचा ट्रान्सीव्हर. बटणांची तर नुसती दाटी.

वहिनी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "भाऊजी, यांले तुमीच समजवा. छत गयते पावसायात, खाली भांडे मांडा लागतात, अन् हे लाखाचा रेडिओ घेतात म्हणे."

दादा हसले नाहीत. तेव्हा आम्हीही हसणे आवरले. कारण या हौसेमागची गोष्ट आम्हाला ठाऊक होती.

दादांची लेक संग्रामपूर तालुक्यात दिली आहे. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदीनाल्यांचे पाणी गावांत शिरले, हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी दीड दिवस लेकीचा फोन लागला नाही. ती सुखरूप होती, मुलेही सुखरूप होती. पण मेहकरकडे बसलेल्या आईबापाला ते कसे कळावे? वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की तोही मुका होतो. त्या दीड दिवसात वहिनींच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढे दादांनी कुठेतरी हौशी रेडिओविषयी वाचले, साठीच्या घरात असताना पुस्तके घेऊन अभ्यास केला, नागपूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. एक छोटा, वापरलेला संच मिळवला. आता निवृत्तीचे पैसे हातात आले, तेव्हा 'चांगल्यातला' घ्यावा असे मनात आले. यात त्यांचे काय चुकले?

ज्या वाचकांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हौशी रेडिओ म्हणजे हॅम रेडिओ. पैसे न घेता, धंद्यासाठी न वापरता, केवळ आवड, अभ्यास आणि सेवा म्हणून चालवायचे स्वतःचे बिनतारी केंद्र. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो आणि परवान्याआधी परीक्षा असते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली कोणीही मुलगी, मुलगा, गृहिणी, शेतकरी ती देऊ शकतो. रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम हे दोन विषय असतात. निर्बंधित वर्गाला मोर्सची कटकट्ट येणे आवश्यक नाही. सर्वसाधारण वर्गाला मिनिटाला ८ शब्दांची मोर्स लागते. अर्ज आता 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावरून करायचा असतो.

आणि हे खेळणे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तिथे निरोपांची ने-आण करायला हौशी रेडिओवाले पोचले होते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही त्यांनी तेच काम केले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम बाई आपल्या सहकाऱ्यांसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होत्या. हौसेखातर नेलेल्या त्याच यंत्रांवरून त्यांनी अंदमानची खबरबात मुख्य भूमीवर पोचवली. एका बाईच्या हातातला मायक्रोफोन किती जणांना धीर देऊ शकतो, ते तेव्हा देशाने पाहिले.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हे, कारकुनीचे माणूस. पण कारकुनीने आम्हाला खरेदीबद्दल एक गोष्ट शिकवली आहे. प्रत्येक कचेरीत 'डेड स्टॉक रजिस्टर' नावाची जाडजूड वही असते. तिच्यात पाहिले तर कळते, की पुष्कळ वस्तू मोडल्या म्हणून अडगळीत गेलेल्या नसतात, त्या कोणाला चालवताच आलेल्या नसतात. आमच्या पाहण्यातल्या एका कचेरीत मोठ्या किमतीचे छपाई यंत्र आले होते. पहिल्या दिवशी हार घातला, दुसऱ्या दिवशी कापडाने झाकले, आणि मग त्या कापडावर वर्षानुवर्षे धूळ बसत राहिली. खरेदीच्या फाइलीत सर्व सह्या होत्या. "हे चालवणार कोण?" हा एकच शेरा नव्हता.

म्हणून दादांना म्हटले, "आपण कचेरीच्या पद्धतीने जाऊ. आधी गरज लिहू, मग तुलनात्मक तक्ता करू, किंमत शेवटी पाहू."

दादांची गरज दोन ओळींची निघाली. घरून देशभरातल्या मंडळींशी गप्पा मारायच्या, आणि पूर आला तर लेकीची खबर मिळवायची. मेहकर ते संग्रामपूर सरळ रेषेत अंतर सुमारे १०० किलोमीटर. मध्ये अजिंठ्याची रांग, घाट, मग पूर्णेचे खोरे. हातात धरायचा वॉकीटॉकी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो, तो घाटापाशीच थबकेल. त्यासाठी लागतात लघुलहरी, म्हणजे एचएफ. दिवसा ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लाट जवळजवळ सरळ वर आकाशात जाते, वरच्या थरावर आदळून छत्रीसारखी खाली पसरते. तिला डोंगर आडवा येत नाही. रात्री उशिरा हाच निरोप ३.५ मेगाहर्ट्झवरून पाठवावा लागतो. म्हणजे गरजेच्या कागदावर पहिली ओळ झाली: एचएफचा संच, हे दोन पट्टे असलेला.

आता तक्ता. माहितीपत्रकात आकड्यांची रेलचेल असते. त्यातले साध्या माणसाच्या उपयोगाचे रकाने आम्ही दादांना विचारून विचारून वेगळे काढले. ते वाचकांनाही उपयोगी पडतील.

पहिला रकाना शक्तीचा. मोठे संच १०० वॅटचे असतात, त्याहून मोठे २०० चे. दादांचा परवाना निर्बंधित, त्याची मर्यादा ५० वॅट. सर्वसाधारण परवान्याला ४०० पर्यंत मुभा आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. समोरच्याच्या यंत्रावर आवाजाची ताकद दाखवणारा काटा असतो. तो एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे २५ वॅटवरून १०० वर गेलात तरी काटा एकच घर सरकणार. वॅटसाठी जादा पैसे मोजणे हे सगळ्यात महागडे समाधान आहे.

दुसरा रकाना कानाचा. उत्तम ट्रान्सीव्हरची निम्मी किंमत ऐकण्यासाठी असते. गर्दीतून एकच आवाज वेगळा काढणे, खरखर दाबणे, शेजारचे जोरदार स्टेशन आत घुसू न देणे, ही कामे महागडे संच खरोखरच चांगली करतात. पण ज्याच्या आसपास दहा-वीस बलाढ्य स्टेशने आहेत, जो स्पर्धांत उतरतो, त्याला शेवटच्या दर्जाचा फरक जाणवेल. मेहकरच्या खेड्यात शेजारचे स्टेशन कोणते? तिथला शत्रू वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

तिसरा रकाना हाताचा, आणि आमच्या मते हाच मुख्य. इथे आमचाच समज खोटा ठरला. आम्हाला वाटत होते, साध्या माणसाला छोटा, स्वस्त यंत्र सोपे. दादांनी आपला छोटा संच दाखवला तेव्हा उलगडा झाला. जागा कमी, म्हणून एका बटणाला तीन-तीन कामे. दाबले तर एक, धरून ठेवले तर दुसरे, आधी भलतेच दाबून मग हे दाबले तर तिसरे. बाकीचे यादीत दडलेले. मोठ्या संचाला मात्र स्टेशन फिरवायला मोठी चक्री, आवाजाला वेगळी, खरखर दाबायला वेगळे बटण आणि समोर बोटाने चालणारा पडदा. त्या पडद्यावर धबधब्यासारखे चित्र खाली सरकत असते. जिथे कोणी बोलत असेल तिथे उजळ पट्टा उमटतो, त्यावर बोट ठेवले की यंत्र तिथे जाते. अंधारात चाचपडत फिरणे संपले. तेव्हा 'प्रगत' म्हणजे 'अवघड' असे नाही. पैसे सोपेपणासाठी मोजले तर ते सार्थकी लागतात.

चौथा रकाना बॅटरीचा. १०० वॅटचा संच पूर्ण शक्तीने बोलताना २० अँपिअरच्या पुढे वीज ओढतो, नुसता ऐकताना सुमारे १ अँपिअर. पुराच्या रात्री वीज नसणार, तेव्हा यंत्र इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालले पाहिजे. शक्ती कमी करून थोडे बोलणे आणि पुष्कळ ऐकणे, हाच तेव्हाचा शहाणपणा.

पाचवा रकाना अँटेना जुळवणाऱ्या यंत्रणेचा. तिला ट्यूनर म्हणतात. ती आतच असेल तर नवख्याची मोठी चिंता मिटते. एक बटण दाबायचे, दोन-चार सेकंद टकटक होते, काम झाले.

या चाळणीतून दादांची तीन पत्रके काढली. पहिला आयकॉमचा आयसी-७३००, २०१६ साली बाजारात आलेला. दुसरा येसूचा एफटी-७१०, २०२२ चा. दोन्ही १०० वॅटचे, दोन्हींचा पडदा ४.३ इंची, बोटाने चालणारा, ट्यूनर आतच, वजन ४ ते ५ किलो. तिसरा येसूचाच एफटीडीएक्स-१०१, ७ इंची पडदा, दोन स्टेशने एकदम ऐकण्याची सोय, वजन १२ किलोच्या घरात, आणि किंमत पहिल्या दोघांच्या दुपटीहून जास्त. दादांचे बोट तिसऱ्यावर होते. का? "सगळ्यात भारी तोच आहे म्हणतात."

आम्ही विचारले, "दादा, दोन स्टेशनं एकदम ऐकून करणार काय? घरात वहिनी अन् टीव्ही एकदम बोलले तर तुम्ही टीव्ही बंद करता."

आता मात्र वहिनी हसल्या.

ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा साधा संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. २०१७ साली त्यांचा मायक्रोबिटएक्स आला. १० वॅटच्या आसपास शक्ती, बटणे मोजकीच. या संचांच्या तारेची वेटोळी गुंडाळण्याच्या आणि जोडणीच्या कामात हैदराबादेतल्या महिलांच्या गटाचे हात लागले आहेत. आपल्या देशात, बायाबापड्यांच्या हातून घडलेला संच जगभरच्या हौशी लोकांनी वापरला, ही अभिमानाची बाब आहे. मात्र तो थोडी खुडबुड करू पाहणाऱ्यांचा. पेटी उघडायलाच नको वाटणाऱ्याने जपून.

कागदावरचा तक्ता झाला, तरी आम्ही दादांना ऑर्डर देऊ दिली नाही. कापडाचा पोत हाताला लागल्याशिवाय लुगडे घेत नाहीत. अकोल्याला दादांच्या ओळखीचे एक परवानाधारक आहेत, त्यांच्याकडे आयसी-७३०० आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिघे तिकडे गेलो. दादांनी आपला छोटा संचही नेला. एकच अँटेना आळीपाळीने दोन्ही संचांना लावून पाहिली.

तेव्हा वहिनींच्या कानाने जे टिपले ते आमच्या तक्त्यात नव्हते. दूर कुठेतरी एक गृहस्थ हलक्या आवाजात हवापाणी सांगत होते. मोठ्यावर ते स्वच्छ ऐकू आले, छोट्यावरही आले, खरखर थोडी जास्त. वहिनी म्हणाल्या, "मले त्यातलं समजत नाही, पण माणूस तर दोन्हीत बोलते." मग यजमानांनी खोलीतला एक एलईडी दिवा लावला. दोन्ही संचांवर खर्रर्र! दिवा बंद केला, खरखर गेली. हाच तो खेड्यातला शत्रू. स्वस्त एलईडी, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपाचे नियंत्रक. यजमान म्हणाले, यंत्रावर लाख रुपये घालण्याआधी दिवा बदला आणि अँटेना घरापासून लांब, उंच बांधा. फरक तिथे पडतो.

ही अँटेना तरी काय? ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर तांब्याची तार. मधोमध तोडायची, तिथे केबल जोडायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. लिंबाच्या झाडाला एक टोक, गच्चीवरच्या बांबूला दुसरे. जवळच बोलायचे असल्याने फार उंचीही नको. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळायच्या. विजेच्या तारांच्या आसपास ही तार कधीही न्यायची नाही, आणि गडगडाट सुरू झाला की केबल यंत्रापासून काढून ठेवायची. जीव आधी, हौस नंतर.

निघताना आम्ही एक परीक्षा घेतली. खोली अंधारी केली, आणि दादांना म्हटले, यंत्र सुरू करा, ७ मेगाहर्ट्झवर या, आवाज कमी करा, खरखर दाबा, शक्ती कमी करा. पाचच कामे. मोठ्या संचावर, नवखे असूनही, पडद्याच्या उजेडात त्यांनी ती दहा मिनिटांत केली. स्वतःच्या छोट्या संचावर चौथ्या कामाला अडले. वाचकहो, यंत्र निवडायची आमची कसोटी हीच. शंभर बटणांतली आपल्याला लागणारी पाच बटणे कोणती, आणि ती अडचणीच्या वेळी, अंधारात, घाबरलेल्या हाताला सापडतात का?

एसटीने परतताना दादा म्हणाले, "म्हणजे मधलाच घेऊ."

आम्ही हो म्हणणार, इतक्यात वहिनींनी विचारले, "पण मंग पोरीकडं काय?"

आम्ही दोघेही गप्प. एवढा तक्ता केला, पण मुख्य रकानाच राहिला होता! मेहकरला लाखाचा संच असला आणि संग्रामपूरला काहीच नसले, तर पुराच्या रात्री दादा देशभराशी बोलतील, लेकीशी कसे बोलणार? एका टोकाने बोलणे होत नाही. त्या तीन पत्रकांतल्या कोणत्याही यंत्राने ही उणीव भरून निघाली नसती.

तेव्हा ठरले ते असे. सर्वांत भारी संचाचा विचार सोडायचा. मधला एक दादांसाठी. त्यातून वाचलेल्या पैशांत पावसाळ्याआधी छताची डागडुजी, हा वहिनींचा हक्काचा खर्च. दादांचा छोटा संच लेकीकडे जाईल, पण ती परीक्षा पास होऊन परवाना हाती आल्यावरच. परवान्याशिवाय असा संच नुसता घरात ठेवणेही कायद्याला मान्य नाही. हे आवर्जून सांगतो, कारण मोबाईलवर जाहिरात पाहून वॉकीटॉकी मागवणारे तरुण आमच्या पाहण्यात आहेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. दुकानात मिळते म्हणून बाळगता येते असे नाही.

लेक बारावी शिकलेली आहे, दोन मुलांची आई आहे. फोनवर ती आधी म्हणाली, "बाबा, मले जमन का ते?" दादा म्हणाले, "मले साठीत जमलं." मग ती म्हणाली, मोठीलाही घेते सोबत, ती तेरा वर्षांची आहे. म्हणजे आता एका घरातून दोन अर्ज जायचे आहेत. पुस्तकातले ओहमचे सूत्र मायलेकी रात्री स्वयंपाक आटोपल्यावर पाठ करतात, असे वहिनी सांगत होत्या. वहिनींनी स्वतः फक्त ऐकायचे ठरवले आहे. पण अकोल्याच्या त्या सकाळपासून दादांच्या आधी त्याच कान लावून बसतात, तेव्हा त्यांचा अर्ज कधी येतो ते पाहायचे.

दादा परवा पुन्हा आले होते. ऑर्डर देऊ का, म्हणून विचारत होते. आम्ही कारकुनाचा शेरा मारला: लेकीच्या अर्जाची पोच जोडावी, मग खरेदीस हरकत नाही.

तसा शेरा आम्ही खरेच लिहून दिला, आणि वहिनींनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.